गच्चीवर कांदा फुलवायचा तर

परसबाग : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळच्या टपालात कांद्याच्या फुलांचीच पत्रं जास्त. कुणी परदेशातला फोटो पाहिलाय, कुणाच्या घरी पाकिटातून बी आलंय, कुणाच्या टोपलीतला कांदा आपणहून उगवलाय. दसरा तोंडावर आहे आणि फुलासाठी कांदा लावायचा मोसम हाच. तेव्हा गुलाब-मोगऱ्याच्या मंडळींनी एक अंक कळ सोसावी.

प्रश्न : बाई, माझा मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये असतो. मे महिन्यात त्यानं तिथल्या बागेचे फोटो पाठवले. कमरेइतक्या दांड्यावर जांभळे गोल चेंडू, पानं जवळजवळ नाहीतच. हे कांद्याच्याच कुळातलं आहे म्हणाला. दिवाळीला येतोय, दोन डझन गड्डे आणू का विचारतोय. आमच्या गच्चीवर येतील का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, मुलाला म्हणावं चॉकलेटं आण, गड्डे नको. लागवडीसाठीचा गड्डा किंवा कंद बाहेरून आणायचा तर आपला आयात परवाना लागतो आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात तसं आहे. हा नियम उगं त्रास द्यायला केलेला नाही. पांढरी कुज, सूत्रकृमी असली दुखणी गड्ड्याच्या पोटात बसूनच प्रवास करतात. आपल्या जिल्ह्यात किती घरांची चूल कांद्यावर पेटते हे तुम्हाला सांगायला नको. दोन डझन फुलांसाठी तो धोका कशाला?

आता समजा, गड्डे रीतसर आयात करणाऱ्या नर्सरीतून घेतले, तरी अडचण हवेची आहे. फोटोतली जात बहुधा ‘पर्पल सेन्सेशन’ असावी. तिच्याहून मोठी, पुरुषभर उंचीची ‘जायगँटियम’ म्हणून एक येते. या कुळातल्या बहुतेक देखण्या जाती मूळच्या इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियाच्या डोंगरउतारांवरच्या. डच लोकांनी त्यांचा धंदा केला, पण झाडाची सवय बदलली नाही. हिवाळाभर गारठलेल्या मातीत पडून राहायचं, बर्फ वितळलं की भराभर वाढून फुलायचं, उन्हाळा कोरडा लागला की पानं टाकून झोपायचं. त्या तीन महिन्यांच्या गारठ्याशिवाय गड्ड्याच्या आतला दांडा लांबतच नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण 15-16 अंशांवर असतो, एखाद्या लाटेत दहा-बारावर येतो, आणि दुपारी पुन्हा तीस. त्या गड्ड्याला ही थंडी वाटतच नाही. दिवसाच्या लांबीचंही तसंच. जूनमध्ये ॲमस्टरडॅमला दिवस पावणेसतरा तासांच्या आसपास असतो, सोलापूरला तेरा तासांच्या जरासा वर.

फ्रिजमध्ये ठेवून थंडी देता येते, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खरं आहे. कोरडे गड्डे कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवायचे. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू ठेवायचे नाहीत, कारण पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूनं आतली कळी मरते. म्हणजे तीन महिने घरात फळं बाहेर आणि गड्डे आत! एवढं करून ऑक्टोबरचा गड्डा जानेवारीत कुंडीत जाणार, आणि दांडा वर येईपर्यंत मार्चचं ऊन तापलेलं असणार. फूल आलंच तर चार दिवसांचं. पुढच्या वर्षी तो गड्डा पुन्हा उठेल ही आशा सोडाच. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला आहे आणि ते दर वर्षी नव्यानं भरावं लागतं.

अगदीच राहवत नसेल तर ‘नेपोलिटॅनम’ नावाची भूमध्य समुद्राकाठची पांढऱ्या फुलांची जात मागा. तिला थंडी कमी लागते. पण पांढरंच फूल हवं असेल तर ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. खालचा टोपलीवाला प्रश्न वाचा.

प्रश्न : मोबाइलवरून ‘निळा जायंट ॲलियम’ म्हणून शंभर बिया मागवल्या. चित्रात शाईसारखा निळा, फुटबॉलएवढा गोळा होता. उगवून आलंय, पण गवतासारखं दिसतंय. धीर धरू का?
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : एक पान खुडा, बोटांत चुरडा, वास घ्या. कांद्या-लसणाचा वास आला नाही तर ते कांद्याचं कूळ, म्हणजे ॲलियम, नाही. धीर धरायचं कारण नाही, उपटा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. कांद्याचं बी उगवताना सरळ वर येत नाही. आधी दोरा दुमडल्यासारखा कोपरा मातीतून वर येतो, मग त्याचं दुसरं टोक सुटतं आणि त्या टोकावर बियाचं काळं टरफल टोपी घालून बसलेलं असतं. गवत तसं कधीच येत नाही.

या कुळात आकाशी निळी जात आहे, ‘सेरुलियम’ तिचं नाव. पण तिचा गोंडा इंच-दीड इंचाचा. चित्रातला निळा फुटबॉल संगणकावर उगवतो. खरं बी मिळालं तरी मोठ्या जाती बियापासून फुलायला तीन ते पाच वर्षं घेतात, तीही थंड मुलखात.

प्रश्न : टोपलीतला कांदा उगवला म्हणून सासूबाईंनी गेल्या दिवाळीत रिकाम्या कुंडीत खोचला. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, त्यातून जाड दांडे वर आले आणि प्रत्येकाच्या टोकाला कागदासारखी पिशवी! रोग समजून मी कापून टाकले. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं फूल होतं ते. खरं का? यंदा मुद्दाम लावावं का?
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : शेजारच्या काकूंचं बरोबर आहे. आणि यंदा मुद्दामच लावा. माझं माहेर वैरागकडचं, तिथं घरचं कांद्याचं बी धरायची रीत होती. शेताच्या कडेला चार ओळी गोटाच्या असायच्याच. गोट म्हणजे बियासाठी राखलेला, पोसलेला कांदा. माघात त्या ओळी फुलल्या की बांधावरून जाणारा माणूस थांबायचा. परदेशी बागेत ज्याला शोभेचा कांदा म्हणतात, त्याची आपली ही सख्खी बहीण. फक्त तिला आपली थंडी पुरते. आपल्या कांद्याच्या जाती याच हवेत वाढलेल्या आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या गोटाला इथल्या गार रात्री फुलायला पुरतात.

कांदा कुठला घ्यायचा ते नीट ऐका. दिवाळीच्या आधी बाजारात येणारा ताजा लाल कांदा नको, तो अजून झोपेत असतो. उन्हाळ्यात काढलेला, चाळीत (म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) पावसाळा काढलेला जुना कांदा हवा. मध्यम आकाराचा, साठ-सत्तर ग्रॅमचा, हातात घट्ट लागणारा, मान बारीक असलेला. ‘एन-2-4-1’ असो, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ असोत, की आठवडी बाजारातला बिननावाचा गावरान असो, फुलासाठी सगळे चालतात. साल लाल असो की पांढरी, फूल पांढरंच येतं. त्यामुळे लाल कांद्याला लाल फूल म्हणून कुणी विकत असेल तर पुढं चला.

लावायच्या आधी वरचा पाव भाग आडवा कापून टाका. शेतकरी हे दोन कारणांनी करतात. कोंब लवकर सुटतो, आणि आत एक डोळा आहे की जोड कांदा आहे ते दिसतं. बियासाठी जोड कांदा बाजूला टाकतात. तुम्हाला फुलंच हवीत, तर तो टाकू नका, दांडे जास्त येतील. कापलेले कांदे एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक एक लिटर पाण्यात घालून त्यात वीस मिनिटं बुडवा (हातमोजे घालून, आणि स्वयंपाकाचं भांडं न वापरता), नाहीतर कुंडीत कापलेला कांदा कुजायला वेळ लागत नाही.

कुंडी बारा इंची, तीत तीन कांदे. मातीबद्दल मात्र मी हट्टी आहे. आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत शिक्षा. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेगा, आणि त्या भेगांत मुळं तुटतात. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम. तळाला भोक मोकळं. कांदा पूर्ण पुरायचा नाही, कापलेला माथा मातीच्या पातळीला ठेवून वर बोटभर भुसभुशीत खत पसरायचं. दिवसभर ऊन लागेल अशी जागा. सावलीत कांदा नुसती पात देतो.

दसऱ्यापासून कार्तिक लागेपर्यंत कधीही लावा. आठवड्याभरात पात दिसते. डिसेंबर संपता संपता पातींच्या मधून वेगळा, गुळगुळीत, पोकळ दांडा निघतो. शेतकरी त्याला डेंगळा म्हणतात. बुडापासून वितीवर तो जरा फुगलेला असतो. ती सूज रोगाची नाही, कांद्याच्या दांड्याची घडणच तशी. एका कांद्यातून तीन-चार, कधी सात-आठ डेंगळे येतात, आणि अडीच ते साडेतीन फूट उंच जातात. गच्चीवरच्या वाऱ्यात ते मोडतात. चार काठ्या रोवून सुतळीचं रिंगण करा, एकेका दांड्याला गळफास लावू नका.

आता तुम्ही कापलेली ती पिशवी. टोकाला चोच असलेली, पातळ, आरपार दिसणारी. सकाळच्या उन्हासमोर धरली तर आतल्या कळ्या दिसतात. ती एका बाजूनं उसवते, वाळून मागं पडते आणि आतून हिरव्या कळ्यांचा गोळा बाहेर येतो. लगेच फुलतो असं समजू नका. आज इथलं एक, उद्या तिथलं एक, कुठलाही क्रम नाही. सहा पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध हिरवी रेघ, आणि सहा पुंकेसर. भिंग असेल तर बघा: आधी तीन पुंकेसर पराग सोडतात, मग उरलेले तीन, आणि ते सगळं आटोपल्यावर मधला स्त्रीकेसर लांब होतो. म्हणजे एका फुलाचे पराग त्याच फुलाला सहसा कामी येत नाहीत. मधमाशी लागतेच. एका गोंड्यात शे-दोनशेपासून हजाराच्या पुढंही फुलं असतात, म्हणून एकच गोंडा दोन-तीन आठवडे फुललेला दिसतो. डच गड्ड्याला हे जमवून दाखवा म्हणावं सोलापुरात.

माश्यांना घाबरू नका. फुलोरी माश्या, सातेरी, कधी आग्या मोहोळाच्याही येतात. फुलावरची माशी पोटाच्या मागं असते, तिला डिवचलं नाही तर ती तुमच्या वाटेला जात नाही. गंमत अशी की कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं आणि ते माश्यांना फारसं रुचत नाही. शेजारच्या कुंडीत कोथिंबीर फुलली असेल तर सगळ्या तिकडं. बी हवं असेल तर त्या आठवड्यांत कोथिंबिरीचा फुलोरा खुडून टाका. बी नको असेल तर राहू द्या, पांढऱ्यावर पांढरं चांगलं दिसतं.

फुलून झालं की हिरवी बोंडं धरतात, एप्रिलमध्ये ती तडकून आतलं काळं बी दिसू लागतं. दहातली एक-दोन तडकली की गोंडा वीतभर दांड्यासकट कापून सावलीत कापडावर वाळवा. सगळी तडकायची वाट पाहिलीत तर बी गच्चीच्या फरशीवर. आणि ते बी त्याच वर्षी पेरून टाका, कांद्याचं बी वर्षाच्या वर भरवशाचं राहत नाही. कुंडीतला मूळ कांदा मात्र खायला राहत नाही, सगळा दांड्यात गेलेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे कांदेनवमीला पोटभर कांदाभजी होतात आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. आई म्हणते चातुर्मासात घरासमोर कांद्याचं झाडही नको. कांद्याची फुलं देवाला वाहिली तर चालतात का?
(एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : आषाढातली नवमी ते कार्तिकातली एकादशी, या सगळ्या काळात तुमचा कांदा एक तर चाळीत झोपलेला असतो नाहीतर नुकता कुंडीत गेलेला. फुलतो तो पौष-माघात. तेव्हा आईंशी वाद घालायचं कारणच उरत नाही. लागवड एकादशी झाल्यावर केलीत तरी फूल येईल, थोडं उशिरा.

देवाला मात्र मी वाहत नाही. शास्त्र काय म्हणतं ते गुरुजींना विचारा, माझं कारण साधं आहे. दांडा कापला की हाताला वास येतो आणि गाभाऱ्यात तो नको वाटतो. देवासाठी शेवंती लावा, तीही त्याच दिवसांत फुलते.

प्रश्न : बोअरच्या पाण्यावर कांद्याच्या पातीची टोकं वाळतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते पिण्यालाच पुरत नाही. काय करावं?
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : तो पांढरा थर म्हणजे क्षार. भाज्यांमध्ये कांदा क्षाराला फार नाजूक. जिथं वांगं, टोमॅटो निभावून नेतात तिथं कांदा पहिल्यांदा टोकं टाकतो. थोडं थोडं बोअरचं पाणी रोज घालणं सगळ्यात वाईट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार वरच साठतात. त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच, खालून वाहीपर्यंत घाला. नळ येईल त्या दिवशी तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी बादलीत धरा आणि ते कांद्याला द्या. भाजी निवळायला मीठ घातलेलं पाणी त्यात मिसळू देऊ नका. वरचा थर खरवडून काढा आणि मातीवर वाळक्या पाचोळ्याचं आच्छादन घाला. पावसाळ्यात पत्र्याखाली एक पिंप लावून ठेवलंत तर त्याच्यासारखं कांद्याला दुसरं काही नाही.

पण एक खात्री करा. टोकं वाळण्याबरोबर पातीवर चांदीसारखे पांढुरके ओरखडे आहेत का? असतील तर दोष पाण्याचा नाही, फुलकिड्यांचा. पांढरा कागद खाली धरून पात झटका, पिवळसर बारीक किडे चालताना दिसतील. ते मधल्या पातींच्या बेचक्यात लपतात, म्हणून नुसतं वरून फवारून उपयोग नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, बेचक्यात जाईल असं. गोंडे उमलल्यावर मात्र काहीही फवारायचं नाही, माश्या मरतात. ढगाळ हवेत पातीवर जांभळट लांबट डाग पडले तर तो जांभळा करपा. ती पात मुळापासून काढा आणि कुंडीपासून लांब टाका.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात एक एकर कांदा आहे. दर वर्षी बरेच डेंगळे निघतात. तुम्ही शोभा म्हणता, आमचं नुकसान होतं. उपाय सांगा.
(एक शेतकरी वाचक)

उत्तर : भाऊ, बरोबर आहे तुमचं. कुंडीत डेंगळा म्हणजे फूल, शेतात तो म्हणजे पडलेला भाव. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर बाजार समितीत गाड्यांची रांग लागलेली असते, तिथं डेंगळ्याचा कांदा कोण विचारणार?

निघाल्यावर उपाय नाही. मोडला तरी आतला कडक दांडा राहतो, आणि मोडलेल्या पोकळीत पाणी शिरून कांदा सडतो. जे करायचं ते लावतानाच. रोप फार जून झालेलं नको, सहा ते आठ आठवड्यांचं लावा. पेन्सिलीसारखी जाड झालेली रोपं गारठ्यात पहिली डेंगळे टाकतात. लवकर पेरणी टाळा, नत्राची ओढ पडू देऊ नका, आणि बी घेताना ते जास्त डेंगळे देणाऱ्या वाणाचं नाही ना एवढं विचारा. काढणीला डेंगळ्याचे कांदे वेगळे काढून आधी विका, चाळीत घालू नका.

प्रश्न : जांभळंच फूल हवं आहे आणि दर वर्षी लावायचा कंटाळा आहे. काही बारमाही?
(एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : ‘सोसायटी गार्लिक’ मागा, शास्त्रीय नाव ‘तुलबागिया’. दक्षिण आफ्रिकेची आहे, ऊन आणि ओढ दोन्ही सोसते. दीड-दोन फुटी दांड्यावर फिकट जांभळ्या फुलांचा विरळ झुबका, वर्षातून बरेच महिने. चेंडू म्हणाल तर नाही. पान चुरडलं की लसूण. दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून वेगळा करायचा, एवढीच काय ती मेहनत.

पांढरं चालणार असेल तर ‘गार्लिक चाईव्हज’. चपट्या पातीचा, गड्डा न धरणारा कांद्याचाच प्रकार. मणिपुरात याला मरोई नाकुप्पी म्हणतात आणि रोजच्या जेवणात घालतात. आपल्याकडे पावसाळ्यात, म्हणजे नेमका चातुर्मासात, चांदणीसारखी फुलं देतो. मंगळवार पेठेतल्या ताईंनी हा लावू नये, आई रागावतील. पात कापत राहिलं तर पुन्हा फुटते. पिठल्यात छान लागते.

गोल, ठसठशीत गोळाच हवा, वास नको, रंग कुठलाही चालेल, तर फुटबॉल लिली. हिचा गड्डा हिवाळाभर मातीत निपचित असतो, तेव्हा पाणी बंद ठेवायचं. मे-जूनमध्ये वळिवाची एखादी सर झाली की पानांच्या आधी लालभडक गोळा वर येतो. कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या अर्ध्या सावलीत ठेवा, आपलं 42 अंशांचं ऊन फुलाला भाजून काढतं. वनस्पतिशास्त्रज्ञ आता हिला आणि कांद्याला एकाच कुळात धरतात, पण हिचा गड्डा विषारी आहे. कांद्याच्या टोपलीजवळ वाळत घालू नका.

प्रश्न : घरात मांजर आहे. कांद्याच्या कुंड्या चालतील?
(एक वाचक, बाळे)

उत्तर : उंचावर ठेवा. कांदा, लसूण आणि त्यांचं सगळं गणगोत मांजराला आणि कुत्र्याला बाधतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजर गवत समजून पात चावतं. चावलेलं दिसलं, मांजर मलूल झालं, हिरड्या फिक्या पडल्या, तर घरगुती उपाय न करता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कांद्याचे गोंडे फुलदाणीत ठेवले तर बायका नाकं मुरडतील का?
(एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : फुलाला वास मधाचा असतो, कांद्याचा वास दांड्याच्या कापाला. म्हणून बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कापा, बादलीभर पाण्यात रात्रभर गच्चीवरच राहू द्या, सकाळी पाणी ओतून देऊन दांड्याचं टोक धुऊन नव्या पाण्यात ठेवा. तिसरा हिस्सा कळ्या उमललेला गोंडा निवडा, तो आठवडाभर टिकतो. पाणी रोज बदला. एक दिवस चुकलात तर मात्र नाकं मुरडतील आणि त्यांचं चुकणार नाही.

तुमचा कांदा ऐन संक्रांतीला फुललेला नसेल, पिशवीतच असेल, तर हळदीकुंकू पुढं ढकला. रथसप्तमीपर्यंत मुभा असतेच.